शहर वाढलं, मस्टर तेवढंच

अप्पांच्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत माझ्याकडे आहे. तिची पहिली पानं मला वाचता येत नाहीत, कारण ती उर्दूत आहेत. मधली इंग्रजीत आहेत आणि शेवटची कन्नडमध्ये. माणूस एकच आणि कामही एकच, पण खात्याचं नाव दर थोड्या वर्षांनी नवं. निजामाच्या राज्यात लोक त्याला ‘तामीरात’ म्हणत. महाराष्ट्रात ते सार्वजनिक बांधकाम खातं, कर्नाटकात लोकोपयोगी इलाखे आणि तेलंगणात नुसतं ‘आर अँड बी’, म्हणजे रस्ते आणि इमारती.

या पानावर सहसा पाककृती, सणवार, लग्नकार्यं यांचं वाचायला मिळतं. मी नोकरभरतीचं लिहायला बसले म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे, सीमेच्या अल्याड-पल्याड, अशी घरं मोजायला घेतली तर बोटं पुरणार नाहीत, जिथे एक भाऊ इकडच्या बांधकाम खात्यात आणि दुसरा तिकडच्या. आमचं घर त्यातलंच. शिवाय माझी स्वतःची सदतीस वर्षं सीमेजवळच्या एका वाढत्या शहराच्या बांधकाम विभागात, आस्थापनेच्या टेबलावर गेली. किती पदं मंजूर, किती भरलेली, किती रिकामी, हे दर महिन्याला तक्त्यात भरायचं काम माझ्याकडे होतं. गावाचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते बहुतेक गावांना लागू पडेल.

मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या गाडीतून नागपूरहून हैदराबादला निघालो, तेव्हा वाटेत मुद्दाम नेरडीगोंड्याला थांबायला लावलं. आदिलाबाद सोडून निर्मलकडे निघालं की महबूब घाट लागायच्या आधी हे गाव येतं. कडम नदीवरचा कुंटाला धबधबा पाहायला जाणारे इथूनच आत वळतात. माझ्या जन्माच्या सुमारास अप्पा इथे ओव्हरसियर होते. आता तिथून चौपदरी राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याचा नंबर सात होता, आता ४४ आहे. टोलनाका आहे, दुभाजकात कण्हेर आहे. रस्ता गुळगुळीत. “मावशी, अप्पांचा रस्ता कुठला यातला?” भाच्यानं विचारलं. मी काय दाखवणार?

अप्पांच्या वेळी त्या रस्त्यावर माणसं होती. ठरावीक अंतरावर एक मैलकुली असे. त्याच्याकडे टिकाव, फावडं, घमेलं आणि आपल्या वाट्याच्या रस्त्याची काळजी. चार-सहा मैलकुल्यांवर मुकादम, त्यावर मेस्त्री, हजेरी लिहायला रोडकारकून आणि सगळ्यांवर सायकलवरून फिरणारा ओव्हरसियर. पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करायच्या, साइडपट्टीला उतार द्यायचा, खडीचे ढीग मोजून ठेवायचे. कचेरीतला कागद उर्दू आणि इंग्रजी, गावची बोली तेलुगू, बाजारात मराठी आणि टोळीवरच्या माणसांची गोंडी. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी घरं तेव्हाही पुष्कळ होती आणि आजही आहेत. अप्पांची स्वतःची भाषा भालकीची, म्हणजे वडिलांशी मराठी आणि आईशी कन्नड. ते म्हणत, “मोरी कुठं तुंबते हे मला टोळीतल्या गोंड म्हाताऱ्यानं दाखवलं. नकाशात ती मोरीच नव्हती.”

या जिल्ह्यात माणसं नेमण्याचा एक निराळा प्रयोग झाला होता, तो इथे सांगितलाच पाहिजे. १९४० साली कोमराम भीमाचा उठाव जोडेघाटला चिरडला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांचे प्रश्न अभ्यासायला बोलावलं. त्यांनी १९४३ साली मारलवाईला गोंड तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. पात्र उमेदवार मिळत नाही म्हणून पद रिकामं ठेवायचं, ही सरकारी सवय त्यांनी उलटी फिरवली. आधी तिथलाच माणूस घ्यायचा, मग त्याला शिकवायचं. गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली, कारण त्या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख जास्त होती.

तसं पाहिलं तर आपल्या बांधकाम खात्याचा जन्मही अशाच विचारातून झाला. १८५४ साली डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं आणि त्याच वर्षी पुण्यात खात्याला लागणारे कनिष्ठ कर्मचारी घडवण्यासाठी वर्ग निघाला. त्याचंच पुढे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. मुद्देनहळ्ळीचे विश्वेश्वरय्या तिथेच शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक आणि खानदेशात ते कामाला लागले. म्हणजे कर्नाटकाचं हे दैवत मराठी मुलखात मुरलेलं. आमच्या घरात दोन्हीकडचे लोक त्यांना ‘आमचे’ म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे.

त्यांचीच गोष्ट माणसांच्या नेमणुकीबद्दल सगळ्यात जास्त शिकवते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीचा पूर हैदराबादेत शिरला आणि हजारो माणसं गेली. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई सरकारच्या नोकरीतून बाहेर पडत होते. १९०९ साली निजामानं त्यांना बोलावलं. मुसीवर आणि तिच्या उपनदीवर, ईसीवर, शहराच्या वर धरणं बांधा, शहराला गटारं करा, असा त्यांचा आराखडा. त्याच वर्षाअखेर ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. आराखड्याला महिने लागले. पण उस्मानसागर पुरा झाला १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली! मधली वर्षं कुणी काढली? तामीरातमधल्या अभियंत्यांनी, ओव्हरसियरांनी, मेस्त्र्यांनी. त्यांच्यातले अली नवाज जंग सोडले तर बाकीच्यांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत. अली नवाज जंगांना सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकवून आणलं होतं आणि पुढे निजामसागरही त्यांच्याच हातून झाला. बाहेरचा हुशार माणूस एकदा बोलावता येतो, पण वीस वर्षं जागेवर राहणारी माणसं घडवावी लागतात. हैदराबादनं १९२९ साली उस्मानिया विद्यापीठात अभियांत्रिकीचं महाविद्यालय काढलं ते उगाच नव्हे.

मग आलं १९५६. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटलं गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा-बीदर-रायचूर म्हैसुरात आणि तेलंगण आंध्रात. वाटणी किती बारकाईनं झाली पाहा. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तालुके इकडे, भालकी-हुमनाबाद तिकडे. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याला, शिवाय बोथ तालुक्यातलं एकटं इस्लापूर सर्कलही. नांदेडातलं मुधोळ आणि भैंसा मात्र आंध्रात. तिकडे मुंबई राज्याचे बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार म्हैसूरला गेले, एक चंदगड तेवढा राहिला.

जमीन अशी वाटता येते. खातं कसं वाटायचं? राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५व्या कलमाखाली कर्मचाऱ्यांचं वाटप झालं. आमचं घर भालकीचं, अप्पा नेरडीगोंड्याला, धाकटे काका उदगीरला. अप्पा म्हैसूर राज्यात आले आणि काका मुंबई राज्यात राहिले. भालकी ते उदगीर अंतर ते किती! पण एकाच तामीरातमध्ये एका मागोमाग लागलेले दोघे भाऊ दोन राज्यांचे नोकर झाले. पगाराची श्रेणी वेगळी, भत्ते वेगळे, निवृत्तीचे नियम वेगळे. अव्वा म्हणायची, “सरकारनं आमच्या चुलीचे दोन भाग केले, तेही न विचारता.” काका दिवाळीला आले की दोघे आपापली वेतनचिठ्ठी काढून शेजारी ठेवत आणि हसत. ते हसणं फार काही आनंदाचं नव्हतं, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

सगळ्यात वाईट झालं ते ज्येष्ठता यादीचं. म्हैसुरात पाच प्रदेशांतून माणसं आली होती : जुनं म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कुर्ग. कुणाचं पद कुणाच्या बरोबरीचं? मुंबईचा ओव्हरसियर वर की हैदराबादचा? हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि कोर्टात गेलं. अप्पांची बढती त्या यादीत अडकली ती कायमची. त्यांनी तक्रार केली नाही, पण सेवापुस्तकात त्या काळाची पानं बहुतेक कोरी आहेत.

आणि नेरडीगोंड्याचा रस्ता? तिथे अप्पांच्या जागी जे आले त्यांना तो म्हातारा माहीत नव्हता आणि ती मोरीही.

आता माझं टेबल. १९७२ साली मी नोकरीला लागले तेव्हा आमचं शहर एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालत जाण्याएवढं होतं. निवृत्त झाले २००९ साली, तेव्हा रिक्षावाला हद्दीपर्यंत यायला कुरकुर करायचा. हद्दवाढ झाली, खेडी आली, त्यांचे रस्ते आले, गटारं आली, विहिरी आणि टाक्या आल्या. माणसं आली नाहीत. वाचकांना वाटेल हे एखाद्या शहराचं दुखणं. हैदराबादकडे पाहा. २००७ साली तिथली जुनी महापालिका, बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती एकत्र करून बृहन् हैदराबाद महापालिका झाली. पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपासचा कारभार सव्वासहाशेवर गेला, एका आदेशानं. पुण्यात २०१७ साली अकरा गावं आली आणि २०२१ साली आणखी तेवीस. हद्द वाढवायला एक अधिसूचना पुरते. एक कनिष्ठ अभियंता नेमायला किती कागद लागतात, हे मला विचारा!

आधी लागतो आकृतिबंध. कुठल्या विभागात कुठली किती पदं, याचा तो साचा. तो शासनाकडून मंजूर होऊन यायला वर्षं जातात. मंजूर झाला की बिंदुनामावली तपासून घ्यायची, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला. मग जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रांची पडताळणी. मध्ये कुणी कोर्टात गेला की सगळं थांबतं. आणि या सगळ्याच्या डोक्यावर टांगलेला पस्तीस टक्क्यांचा दंडक : महापालिकेचा आस्थापनेवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. ऐकायला शहाणपणाचा नियम आहे. पण नवीन खेडी हद्दीत येतात तेव्हा त्यांची गरज पहिल्या दिवसापासून येते आणि त्यांचा कर हळूहळू येतो. टक्केवारी ओलांडते आणि भरती बंद होते.

मग काम कोण करतं? ठेकेदाराची माणसं. आणि गंमत इथेच आहे. कायम माणसाचा पगार आस्थापनेच्या शीर्षात दिसतो. ठेकेदाराचं बिल दिसतं ते कामाच्या किंवा देखभालीच्या शीर्षात. पैसा त्याच तिजोरीतून जातो, पण तक्त्यात टक्केवारी खाली येते. कित्येक वर्षं मी हा तक्ता माझ्या हातानं भरला आहे. ‘मंजूर’ या रकान्यात मोठा आकडा, ‘भरलेली’मध्ये त्याहून लहान, ‘रिक्त’मध्ये उरलेला. ठेक्यावर राबणाऱ्यांसाठी त्यात रकानाच नव्हता.

कनिष्ठ अभियंत्याचं काम लोकांना वाटतं साहेबासारखं हिंडायचं. त्याला रस्त्याचं अंदाजपत्रक करायचं असतं, निविदेचे कागद करायचे असतात, काम चालू असताना जागेवर उभं राहायचं असतं आणि झालेलं काम फूटपट्टीनं मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहायचं असतं. त्या पुस्तिकेवरच बिल निघतं. एका अभियंत्याकडे एक वॉर्ड असेल तर तो उभा राहील. तीन वॉर्ड असतील तर तो पुस्तिका कुठे बसून लिहील आणि आकडे कोण सांगेल, हे मी सांगायला नको. रस्ता पहिल्याच पावसात उखडतो तेव्हा आपण माणसाला शिव्या देतो. रिकाम्या खुर्चीला शिव्या देता येत नाहीत.

रोजंदारीची कथा तर स्वतंत्र लेखाची. महाराष्ट्रात १९६०च्या दशकातल्या कालेलकर तडजोडीनं बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत सलग पाच वर्षं काम केलेल्या रोजंदारीच्या माणसांना ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने’वर घ्यायची सोय झाली. नाव पाहिलंत? नियमितही आणि अस्थायीही! पण त्या लांबलचक नावानं कित्येक घरांत निवृत्तिवेतन आलं. कर्नाटकात हीच लढाई धारवाडच्या माणसांनी लढली. धारवाड जिल्हा बांधकाम खात्याच्या रोजंदारी कर्मचारी संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली निकाल दिला. राज्यात असे पन्नास हजारांच्या घरात लोक होते. त्यांतल्या दहा वर्षं झालेल्या १८,६०० जणांना तातडीनं आणि बाकीच्यांना टप्प्याटप्प्यानं कायम करायला सांगितलं. त्या दिवशी हुबळी-धारवाडकडच्या आमच्या नात्यातल्या एका घरात पेढे वाटले होते, ते मी खाल्लेत. आंध्रात १९९४ साली कायदा करून रोजंदारीवर नेमणूक करायलाच बंदी घातली गेली आणि आधीच्या पाच वर्षंवाल्यांना नियमित करायचा आदेश निघाला.

मग १० एप्रिल २००६. पुन्हा कर्नाटकातलाच खटला, उमादेवींचा. घटनापीठानं सांगितलं की मागच्या दारानं आलेल्याला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क नाही. मंजूर जागेवर दहा वर्षं झालेल्यांचा तेवढा एकदाच विचार करा. न्यायाचं बोलायचं तर ते खोटं म्हणता येत नाही. रांगेत उभ्या असलेल्या, परीक्षा देणाऱ्या मुलांचाही हक्क आहेच. आमच्याकडे वशिल्यानं मस्टरवर आलेलेही मी पाहिलेत. पण त्या निकालातला दुसरा अर्धा भाग, की कायम स्वरूपाच्या कामाला तात्पुरती माणसं घेत राहू नका, नियमित भरती करा, तो कचेऱ्यांनी सोयीस्करपणे विसरला. आधी ‘दिनगूली’ तरी खात्याच्या मस्टरवर असायचा. नंतर तो ठेकेदाराच्या वहीत गेला आणि ठेकेदार दर वर्षी बदलू लागला.

आता मामांचं सांगते. आमच्याकडे पाणी सोडणारे एक मामा होते. घरी कन्नड, रस्त्यावर मराठी, ठेक्याची पोरं चिडवायला लागली की दोन्ही. खांद्यावर लोखंडी चावी घेऊन पहाटे तीनला निघत. कुठल्या चौकात कुठल्या दगडाखाली व्हॉल्व्ह आहे, तो किती आटे फिरवायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. “बाई, सोळा आटे. सतरावा फिरवला की वरच्या गल्लीचं पाणी गेलंच म्हणून समजा.” का, ते त्यांना सांगता यायचं नाही. तीस वर्षांत कळलेलं होतं.

मामा निवृत्त झाले त्या वर्षी त्यांचं पद ‘मृत संवर्गा’त टाकलेलं होतं. कचेरीतला शब्द आहे हा. म्हणजे माणूस गेला की पदही गेलं. कागदावर मामा हयात होते आणि त्यांचं पद मेलेलं. पुढे रस्ता डांबरी झाला, चेंबरवर थर बसला. दोनेक वर्षांनी ऐन गणपतीत मोठी वाहिनी फुटली. पाणी बंद करायला व्हॉल्व्ह सापडेना. नकाशा काढला, तो हद्दवाढीआधीचा. तीन ठिकाणी खणलं. वरच्या गल्लीला चार दिवस पाणी नव्हतं. एका घरात बाळंतीण होती, टँकरच्या रांगेत तिची सासू उभी राहायची. शेवटी कुणाला तरी सुचलं आणि मोटारसायकल पाठवून मामांना घरून आणलं. ते आले, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाले, “इथं लिंबाचं झाड होतं की!” झाडाच्या जागी आता फ्लॅटचं फाटक होतं. फाटकापासून सात पावलं मोजली आणि चप्पल आपटली. तिथेच निघाला. मामांना चहा पाजून परत पाठवलं. त्या दिवसाची हजेरी लावायला मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं.

‘आमच्याच भागातला माणूस घ्या’ ही मागणी आपल्याला परकी नाही. हैदराबाद राज्यात मुल्की नियम १९१९पासून होते आणि मुल्की म्हणवून घ्यायला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागे. पोलीस कारवाईनंतर बाहेरची माणसं मोठ्या संख्येनं आली आणि १९५२ साली आंदोलन पेटलं, गोळीबार झाला. १९६९ साली तेलंगणात पुन्हा तेच झालं. मग १९७५चा राष्ट्रपतींचा आदेश, जिल्हा आणि झोनवार राखीव जागा, त्या पाळल्या गेल्या नाहीत म्हणून १९८५चा ६१० क्रमांकाचा शासकीय आदेश. शेवटी २०१४ साली वेगळं राज्यच झालं. त्यानंतर २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. २०२१ साली ३१७ क्रमांकाच्या आदेशानं कर्मचाऱ्यांचं नव्या जिल्ह्यांत वाटप झालं, तेव्हा नवरा एका जिल्ह्यात आणि बायको दुसऱ्यात, अशा तक्रारींचा पाऊस पडला. अव्वा असती तर म्हणाली असती, पुन्हा चुली फोडल्या. कर्नाटकातही बीदर-कलबुर्गीच्या बाजूला ३७१-जे कलमानं स्थानिकांना जागा राखून ठेवल्या आहेत.

माझ्या मते या मागण्या रास्त आहेत. बाहेरून येऊन तीन वर्षं काढून बदलीची वाट बघणाऱ्या साहेबांचा अनुभव मी टेबलापलीकडून घेतलाय. पण कायद्यातला ‘स्थानिक’ ठरतो तो मुख्यतः शाळा कुठल्या जिल्ह्यात शिकला यावर. व्हॉल्व्ह कुठे आहे हे शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं. ते कळायला माणूस जागेवर राहावा लागतो, आणि जुन्यानं नव्याला दाखवावं लागतं. इथेच आमच्या सगळ्या नियमांचं भोक आहे. एका पदावर एकच माणूस. जुना निवृत्त झाल्याशिवाय पद रिकामं होत नाही आणि रिकामं झाल्याशिवाय ते भरता येत नाही. म्हणजे दोघांची गाठ पडूच शकत नाही! घरात सून आणायची ती सासू गेल्यावरच, असा नियम केला तर कुळाचार कोण सांगणार?

उपाय मोठा नाही. नियमांत ‘अधिसंख्य पद’ नावाची गोष्ट आहेच, मंजूर पदांच्या वर काही काळापुरतं निर्माण केलेलं पद. महाराष्ट्र शासनानं २०१९ साली जातप्रमाणपत्र अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांसाठी अकरा महिन्यांची अधिसंख्य पदं काढली होती. एका अडचणीसाठी अकरा महिने मिळतात, तर व्हॉल्व्हमन, मेस्त्री, पंपचालक, जुना कनिष्ठ अभियंता यांच्या निवृत्तीआधी सहा महिने का नाही? नव्यानं सहा महिने जुन्याबरोबर फिरायचं, पावसाळ्याचे निदान दोन महिने त्यात धरून. याचा खर्च एका खणलेल्या रस्त्यापेक्षा जास्त येणार नाही. निवृत्तीआधी मी अशी टिपणी लिहून वर पाठवली होती. शेरा आला, ‘तरतूद नाही.’

आता म्हणतात सगळं संगणकाच्या नकाशावर येणार. यावं, चांगलंच आहे. पण नकाशात भरायला माहिती कुणाकडून आणणार? ती म्हातारी होत चालली आहे.

माझ्या पुतण्याची मुलगी गेल्या वर्षी परीक्षा देऊन एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागली, पाणीपुरवठ्याकडे. फोन करून म्हणाली, “आजी, पहिल्याच दिवशी एक वही दिली, कोरी.” मी तिला म्हटलं, तिथला निवृत्त पाणी सोडणारा शोध. तिनं शोधला. त्याला मराठी कळतं पण तो कन्नडमध्येच बोलतो, आणि हिला अव्वाच्या पुण्याईनं तेवढं येतं. रविवारी सकाळी त्याला स्कूटीवर मागे बसवून ती गल्ल्या फिरते. तो आटे सांगतो, ती वहीत मराठीत लिहिते आणि मोबाइलवर जागेची खूण करते. पेट्रोल तिचं, नाश्ताही तिचाच. आत्तापर्यंत एकेचाळीस व्हॉल्व्ह झालेत. एकशे दहाच्या आसपास असावेत, असं त्या आजोबांचं म्हणणं.